दादाला ऐकवायची राहिलेली गाणी

१९९६ च्या जूनमध्ये कॅनडाला जायला मी नाशिक सोडलं. स्टँडवर मुंबईच्या गाडीत माझी बॅग चढवून दादा खिडकीखाली उभा राहिला. "पोचलास की फोन कर. आणि त्या बाबाच्या अजून कॅसेटी मिळतात का बघ," एवढंच म्हणाला.

तो बाबा म्हणजे गिटार आणि माउथऑर्गन घेऊन स्वतःची गाणी गाणारा एक परदेशी गायक. लोकगीतांसारख्या साध्या चाली आणि मागे ड्रमचा ठेका. त्याची एक कॅसेट दादाला मित्राने भरून दिली होती. दादा सातपूरला एका कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर होता. पहिल्या पाळीवरून चारला घरी आला, की चहा घेत आम्ही ती ऐकायचो. इंग्रजी शब्द मी सांगायचो. कान मात्र त्याचा. "थांब, इथं मागं एक बाई गातेय बघ," तो म्हणायचा. मला घासलेल्या टेपची खरखर तेवढी ऐकू यायची.

टोरांटोत नोकरी, लग्न, मग कागदपत्रांच्या खेपा. दहा वर्षांत नाशिकला दोनदाच गेलो, तेही पहिल्या चार वर्षांत, धावतपळत. फोनवर दादा कमी कमी बोलायला लागला. "हं, हं, बरं," आणि फोन वहिनींकडे. मला वाटलं, रागावलाय.

इकडे मी त्या गायकाच्या सगळ्या सीडी जमवल्या आणि कॉम्प्युटरवर लॉसलेस उतरवल्या, म्हणजे फाइल लहान होते पण आवाजातलं काही गाळलं जात नाही. चांगले हेडफोन घेऊन ते जुनं गाणं लावलं. मागे एक बाई नव्हती, दोन होत्या. एकीचा सूर दुसरीच्या इतका लगत, की कॅसेटवर कळणं शक्यच नव्हतं. दादाच्या कानातून निसटलेलं काहीतरी पहिल्यांदाच मला सापडलं होतं. कधी एकदा त्याला ऐकवतो असं झालं.

२००६ च्या डिसेंबरात लॅपटॉप घेऊन गेलो. पोचलो त्याच रात्री जेवणं झाल्यावर हेडफोन स्वतः त्याच्या कानांवर बसवले. डोळे मिटून तो मान डोलवू लागला. स्क्रीनवर गाणं संपलं. त्याची मान डोलतच होती.

हेडफोन काढून मी विचारलं, "दोघी आहेत ना मागं?"

"हो, मस्त आहे," तो म्हणाला. खूपच मोठ्यानं.

स्वयंपाकघरात वहिनी हळूच म्हणाल्या, "भावजी, पाच वर्षं झाली. मशिनच्या आवाजानं कान गेले. तुम्हाला कळवू नको म्हणाले, तिकडं उगाच जिवाला घोर लावून घेईल."

दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरांकडे नेलं. कानातली नस गेली, ते म्हणाले. यंत्रानं जवळचं बोलणं थोडंफार कळेल, गाणं नाही. मी तेच तेच विचारत राहिलो. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. परतताना रिक्षात दादाच माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "अरे, ऐकली की तेव्हा भरपूर!"

माझ्यासारखे जे निघून आलात, त्या तुम्हाला एकच सांगतो. फोनवर घरचं माणूस कमी बोलायला लागलं, तर ते रागावलंय असं धरून बसू नका.

हल्ली मी दर रविवारी फोन लावतो. वहिनी उचलतात. मागून दादा ओरडून विचारतो, "कसा आहे म्हणावं तो?" मी "बरा आहे" म्हणतो, वहिनी ते त्याच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सांगतात. मग तो हसल्याचं ऐकू येतं. माझं घर आता तेवढंच आहे, आणि तिथे माझा आवाज पोचत नाही.