अण्णांचं पुस्तक

उदगीरच्या स्टेशनावर गाडी हलेपर्यंत अण्णा खिडकीचा गज धरून उभे होते. जन्मभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलेला माणूस. लेक परदेशी निघाली म्हणून आईनं शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, अण्णांनी स्वतःचं निबंधाचं पुस्तक दिलं. कव्हर केव्हाच गेलेलं, पहिली पानंही गेलेली, उरलेल्या पानांवर पेन्सिलीच्या खुणा. म्हणाले, "तोंडपाठ असू दे माय. कुठंच अडणार न्हाईस."

मी तेव्हा नांदेडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि आयर्लंडच्या एका विद्यापीठात सहा महिन्यांसाठी माझी निवड झाली होती. पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्हा बाहेरच्यांना 'इंग्लिश सपोर्ट'च्या वर्गात बसवलं. दोघं ब्राझीलचे, एक कोरियाची आणि मी. परीक्षा घेण्याआधीच आमचं इंग्रजी कच्चं ठरलं होतं. हेलनबाई सहा आठवडे आम्हाला काळ आणि अव्ययं शिकवत होत्या. अण्णांनी ती मला पाचवीत शिकवली होती.

मग फोन दारातल्या पेटीत ठेवायला लावून वर्गातच निबंध लिहायला दिला. विषय नदी. मला हसूच आलं, कारण तो अण्णांच्या पुस्तकात होता आणि मला नववीपासून पाठ होता. लातूरच्या क्लासमध्ये मी तो लिहिला तेव्हा सरांनी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. मी स्वल्पविरामासकट उतरवून काढला.

चार दिवसांनी पत्र आलं. वाङ्मयचौर्याचा संशय आहे, समितीपुढे हजर राहा, आरोप खरा ठरला तर परत पाठवू. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाईट लिहिलं तर सपोर्ट आणि चांगलं लिहिलं तर चोरी!

समितीत तिघं होते, बाजूला हेलनबाई. फोन कुठं लपवला होता, असं विचारलं. मी म्हटलं, तुमच्याच दारातल्या पेटीत होता. आणि उठून, हात मागे बांधून, अख्खा निबंध घडाघडा म्हणून दाखवला. आमच्याकडे एवढ्यावर बक्षीस मिळालं असतं. इथं सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग हेलनबाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे हे तुझं नाहीच."

पुस्तक कुणाचं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, अण्णांचं. लिहिणाऱ्याचं नाव तर कव्हरासोबतच गेलेलं. त्यांनी लेखक म्हणून तेच नाव लिहून घेतलं आणि आडनाव विचारलं. त्या वेळी मला रडू आवरलं नाही.

परत पाठवलं नाही. नावावर ताकीद आली आणि निबंध नव्यानं लिहायला लावला. पण माझा राग अजून गेलेला नाही. पाठ केलेलं लिहिलं तर मूळ पुस्तकाचं नाव द्यायचं असतं, हे सहा आठवड्यांत त्या सपोर्टवाल्यांना एकदाही सांगावंसं वाटलं नाही. शिकवायचं नाही आणि वर शिक्षा करायची, ही कुठली रीत? आणि आपले लातूरवाले तरी काय! इतकी वर्षं घोकून घेतलं, वाक्य कुणाचं हे कधी विचारू दिलं नाही. आता जे निघणार आहात त्यांनी बॅग भरायच्या आधी एवढं ऐकून ठेवा.

अण्णांना मी फोनवर अर्धंच सांगितलं. ते खूश झाले. "साहेबलोकांसमोर म्हणून दाखवलास? इज्जत राखलीस माय." पुढचं न सांगताच मी फोन ठेवला.

पुढं शिक्षण संपल्यावर नोकरीही आयर्लंडलाच लागली. दरवेळी घरी गेले की अण्णा आल्यागेल्याला तोच किस्सा ऐकवतात आणि मला निबंध म्हणायला लावतात. गेल्या दिवाळीत शेजारच्या काकांसमोर तो म्हणून झाल्यावर माझ्यानं राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. पुस्तकाचं नाव सांगता आलं नाही, म्हणून तिथं मला चोर ठरवलं, असंही सांगितलं.

अण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग काकांकडे बघून म्हणाले, "पुस्तक माझं हाय, हे तर समद्या उदगीरला ठाऊक हाय." काकांनी मान हलवली. तेही त्याच पुस्तकावर मॅट्रिक झाले होते.

घर कुठं, असं तिकडं कुणी विचारलं की मी आता एवढंच सांगते. 'अण्णांचं पुस्तक' म्हटल्यावर जिथं कुणी आडनाव विचारत नाही, तिथं.