वाफेचं वळण

चावीकाकांना बाजारात खऱ्या नावाने हाक मारली तर ते मागे वळूनही पाहत नाहीत. बँकेच्या भिंतीला टेकून त्यांची टपरी आहे. लोकांची कपाटं, तिजोऱ्या आणि रुसलेली दारं उघडण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. पण टपरीच्या स्वतःच्या दाराला मात्र वाकवलेली तार अडकवलेली असते. तिथल्या कुलपाची चावी काकांकडूनच हरवली आणि दुसरी करायला त्यांना अजून सवड मिळालेली नाही. यावर काकूंनी बोलून बोलून शेवटी नाद सोडला.

काकांची गाडीही त्यांच्यासारखीच. कंपनीने ती बनवणं कधीच बंद केलं, पण काकांनी चालवणं बंद केलं नाही. याच गाडीतून त्यांनी नुकत्या जन्मलेल्या लेकीला, म्हणजे ठकूला, दवाखान्यातून घरी आणलं होतं. सपाट रस्त्यावर गाडी गुणी बाळासारखी चाले. घाट लागला की अर्ध्या चढावर तिचं डोकं तापे. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात शिरायचा, बॉनेटमधून वाफ यायची आणि एका ठराविक वळणावर, दगडी कठड्यापाशी, ती उभी राहायची.

आता कोणीही शहाणा माणूस म्हणेल, बिघाड आहे, दुरुस्त करा. या घरात मात्र तो बिघाड आहे असं कोणाला वाटलंच नाही. गाडीचा स्वभाव, असं म्हणून सगळे मोकळे. घाटापलीकडच्या मावशीकडे जायचं ठरलं की काकू थर्मास भरत, उकडलेली अंडी बांधून घेत आणि कठड्यावर अंथरायला चादर घेत. त्या जागेला घरात नावच पडलं होतं, वाफेचं वळण. टपरीत दिवसभर तोंडात कानस धरल्यासारखे गप्प असणारे काका तिथे मात्र घडाघडा बोलत. काकूंनी आपल्या ऑपरेशनची बातमी तिथेच दिली. रसायनशास्त्रात नापास झाल्याचं ठकूने तिथेच सांगितलं, आणि पुढे त्याच विषयात डोकं घालून लॅबमध्ये काम करायचं, हेही तिथेच ठरलं.

आता त्याच ठकूला घाटापलीकडच्या इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरी लागली होती. रविवारी दुपारी वसतिगृहाची खोली ताब्यात घ्यायची होती.

"मी बसने जाते, बाबा," ती म्हणाली. "वॉर्डनबाई चारला ऑफिसला कुलूप लावून जातात."

"कुलूपच ना? मी आहे की."

"म्हणजे पहिल्याच दिवशी कुलूप फोडून आत शिरू?"

काकांना ते फार लागलं. पोरीला ज्या गाडीतून घरी आणलं, त्याच गाडीतून तिला पोचवायचं, हे त्यांनी मनाशी कधीचं पक्कं केलं होतं. बापाचा चेहरा पाहून ठकू विरघळली, पण पूर्ण नाही. "बरं, शनिवारी चाचणी. काटा मध्ये राहिला तर गाडी, नाहीतर बस."

काका तडक गॅरेजमध्ये गेले. गॅरेजवाल्याने वरचा पाइप दाबून पाहिला, इंजिन चालू ठेवून पुन्हा पाहिला. "थर्मोस्टॅट अडकलाय. पाणी गरम झालं की यानं दार उघडून ते गार व्हायला रेडिएटरकडे सोडायचं, एवढंच याचं काम. हा अर्धवट उघडतोय. तुमच्या कुलपासारखंच आहे हो, फक्त चावी म्हणजे गरम पाणी. पार्ट घेऊन या, पुढच्या आठवड्यात बसवू."

पुढचा आठवडा काकांच्या काय कामाचा? आणि कुलपासारखंच म्हटल्यावर त्यांना जोर चढला. आपणच बसवायचा, असं ठरवून ते स्पेअर पार्टच्या मोठ्या दुकानात गेले. काउंटरवरच्या बाईंनी कॉम्प्युटरमध्ये बराच वेळ शोधलं आणि मान हलवली. "ही गाडी आमच्याकडे दाखवतच नाही."

"बाहेर उभी आहे, बघा की," काका म्हणाले.

बाईंनी वाकून पाहिलंसुद्धा. पण कॉम्प्युटरपुढे त्यांचाही इलाज चालेना. मग काकांनी भंगारवाल्याला गाठलं. तिथे त्यांच्याच गाडीची एक बहीण चाकांशिवाय विटांवर टेकलेली होती. तिचा थर्मोस्टॅट काढायला काकांनी पाना बाहेर काढला, तोच भंगारवाला हसायला लागला. "म्हातारा काढून म्हातारा बसवणार? नमुना आणा तुमचा, आणि टेंपोच्या पार्टवाल्याला दाखवा. त्याच्याकडे मापावर मिळेल."

नमुना काढायचा म्हणजे झाकणाचे दोन बोल्ट सोडायचे. एक मुकाट्याने निघाला. दुसरा गंजून बसला होता. इथे मात्र काका खरे रंगात आले. अडलेल्या गोष्टीशी दांडगाई करायची नाही, हे त्यांचं धंद्यातलं तत्त्व. तेल सोडलं, हलकेच ठोकलं, चहा पिऊन आले, पुन्हा तेल सोडलं, आणि दुपारी तो बोल्ट असा फिरला की काकांनी त्याला शाबासकी दिली. आतून गंजाने माखलेली, बशीला स्प्रिंग लावावी तशी एक वस्तू निघाली.

टेंपोच्या पार्टवाल्याने ती वस्तू पुसली, कॅलिपरने मापली आणि खोक्यांत हात घालून एक नवी कोरी काढली. कडा तीच, उंची तीच, कडेवरचा तापमानाचा आकडाही तोच. "टेंपोचा आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "गाडीला सांगू नका."

घरी आल्यावर दोन्ही थर्मोस्टॅट पातेल्यात पाणी घालून गॅसवर ठेवले गेले. काकू आत आल्या आणि थबकल्या. "अहो, माझं दुधाचं पातेलं आहे ते."

"पाच मिनिटं गं. बघ तरी."

पाण्याला उकळी फुटायच्या आधीच नव्याने अलगद तोंड उघडलं. जुन्याचे दात उकळत्या पाण्यातही जेमतेमच उघडले. रुसलेल्या काकूही शेवटी वाकून पाहायला लागल्या. त्यांना मनापासून मजा वाटली, पण पातेलं त्यांनी तीनदा घासायला लावलं.

शनिवारी सकाळी काकांनी नवा पार्ट बसवला, नवं पॅकिंग घातलं, रेडिएटरमध्ये कूलंट भरलं आणि सगळ्यांना गाडीत बसवलं. बसताना त्यांचा रुबाब असा, की जणू मोटारीचा शोध त्यांनीच लावला. आणि गाडी? ती घाटापर्यंतसुद्धा पोचली नाही. पेट्रोलपंपापाशीच काटा लाल पट्ट्यात जाऊन बसला आणि वाफ निघाली.

"पूर्वी निदान घाटात तरी तापायची," काकू म्हणाल्या. "प्रगती आहे."

ठकूने बसचं तिकीट काढायला फोन हातात घेतला. काकांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. फेकून दिलेल्या चावीसारखा त्यांचा चेहरा झाला होता. ते पाहून तिला पुढचं बटण दाबवेना. फोन खिशात टाकून ती खाली उतरली.

"बाबा, स्प्रिंग कुठल्या बाजूला ठेवलीस?"

"वर. झाकणाकडे. आधी खिट्ट्या, वर स्प्रिंग, वर झाकण. सगळ्या जगात असंच असतं."

"कुलपांच्या जगात. गरम पाणी कुठून येतं?"

"खालून. इंजिनातून."

"आणि तापून उघडणारा भाग?"

काका कपाळावर हात मारून हसायलाच लागले. "स्प्रिंगच्या आत. म्हणजे तो मी थंड बाजूला ठेवला. त्याला बिचाऱ्याला पाणी तापल्याचं कळलंच नाही."

इंजिन थंड होईपर्यंत तिघं पंपाच्या पायरीवर बसली. मग बापलेकीने मिळून झाकण काढलं. हत्यारांची पिशवी काकांच्या बरोबर असतेच, आणि सुदैवाने पॅकिंगही त्यांनी जास्तीचं घेतलं होतं. स्प्रिंग खाली, इंजिनाच्या बाजूला गेली. ठकूच्या नाकाला काळं लागलं, ते काकूंनी पदराने पुसलं. पाणी भरल्यावर गाडी घाटाची पहिली काही वळणं चढून आली. काटा मधोमध उभा राहिला तो हललाच नाही.

"उद्या जेवून निघू," ठकू म्हणाली. काका घरापर्यंत शीळ घालत आले.

रविवारी मागच्या सीटवर गादी, बादली आणि काकू अशा क्रमाने सगळं कोंबलं होतं. गाडी घाट चढू लागली. एक वळण झालं, दुसरं झालं, काटा जागचा हलेना. काकांना आधी अभिमान वाटला, मग कसंतरीच वाटायला लागलं. पोरीशी बोलायचं म्हणून त्यांनी आठवडाभर मनात बरंच काही साठवलं होतं, आणि ते सगळं वाफेच्या वळणावर बोलायचं होतं. आता गाडी तापणार नव्हती. म्हणजे थांबायला कारणच उरलं नव्हतं, आणि ते कारण त्यांनी स्वतःच्या हाताने काढून टाकलं होतं. काटा थोडा तरी चढावा, असं त्यांना मनापासून वाटलं.

कठडा दिसू लागला.

"बाबा, थांबव ना."

"का? काटा मध्येच आहे."

"असू दे. गाडीला नसेल थांबायचं. मला थांबायचंय."

काकांनी गाडी कडेला घेतली. उतरून सवयीने बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि काहीच करण्यासारखं नाही म्हणून तसंच उघडं ठेवलं. काकूंनी चादर काढली; थर्मास भरलेलाच होता. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, तरी अंडीही होती.

साठवलेलं सगळं काकांना आठवेना. शेवटी ते एवढंच म्हणाले, "तू गेलीस की मला करमणार नाही."

"मलाही," ठकू म्हणाली, आणि त्यांच्या खांद्याला टेकून बसली. मग काका हळूहळू बोलायला लागले आणि थर्मास रिकामा झाला तरी बोलतच राहिले.

वसतिगृहात पोचले तेव्हा वॉर्डनबाई हातात कुलूप घेऊन दारात उभ्या होत्या. "किती उशीर. वेळ सांगितली होती ना?"

"गाडी तापली घाटात," ठकू मान खाली घालून म्हणाली.

थर्मोस्टॅटची कथा काकांनी आठवडाभर ज्याला त्याला ऐकवली होती. वॉर्डनबाई त्यांच्याकडे वळल्या तेव्हा मात्र त्यांनी गादी खांद्यावर नीट घेतली आणि मान डोलावली. "जुनी आहे हो. त्या वळणावर थांबावंच लागतं तिला."