थांबा क्रमांक चौदा

रोज सकाळी आंघोळीला जाण्याआधी तो स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा काटा पाच मिनिटं पुढे सरकवायचा, आणि तो न्हाणीघरातून बाहेर यायच्या आत त्याची बायको तो पाच मिनिटं मागे आणायची. सव्वीस वर्षं हा प्रकार बिनबोभाट चालू होता. दोघांनाही तो ठाऊक होता. बोलून दाखवला असता तर कुणालातरी माघार घ्यावी लागली असती.

बसडेपोच्या पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत बसून तो गाड्यांची वेळापत्रकं करायचा. खिडकीखाली इंजिनं घुरघुरत, डिझेलचा वास फायलींच्या फितींनाही लागलेला. टेबलावर तीन रंगांच्या पेन्सिली, एक लांब पट्टी आणि एक खोडरबर. खोडरबर हे त्याचं खरं हत्यार. एखादी गाडी उशिरा पोचते अशी तक्रार आली की तो ड्रायव्हरला बोल लावत नसे, रस्त्यालाही नाही. तो एक थांबा खोडायचा. एक थांबा गेला की चार मिनिटं वाचत. गाड्या वेळेवर धावू लागल्या. त्यांत माणसं जरा कमी चढू-उतरू लागली, पण तो रकाना दुसऱ्या खात्याकडे होता. ड्रायव्हर त्याला पाठीमागे ‘विनाथांबा’ म्हणत. हे त्याच्या कानावर आलं होतं, आणि त्याला ती पदवी वाटली होती.

शिलाई मशीनवर जन्म काढलेल्या त्याच्या बायकोचा उजवा गुडघा एका मंगळवारी बदलायचा ठरला. डॉक्टर म्हणाले, “नंतर चालाल-फिराल झकास. फक्त जमिनीवर बसणं विसरायचं.”

परत येताना ती म्हणाली, “मग त्याआधी एकदा जंगलातल्या त्या तळ्यावर जाऊ. मला मातीवर बसायचंय. पाण्यात पाय सोडून.”

“जाऊ की,” तो म्हणाला. “तंबू घेऊन जाऊ. बेत तयारच आहे.”

बेत नऊ वर्षं तयार होता. त्याची स्वतंत्र फाईल होती. प्रत्येक उन्हाळ्यात ती उघडली जाई, तिच्यात चार पानांची भर पडे आणि ‘अजून थोडं बारकाईनं पाहायला हवं’ म्हणून ती मिटली जाई. या खेपेला मात्र मंगळवार कुणाच्या हातातला नव्हता. त्याआधीचा शनिवार पक्का झाला.

मेव्हण्याकडून तंबू आणला. बाहेरच्या खोलीत, सोफा भिंतीला लावून, त्याने तो आठवडाभर रोज उभा केला. पहिल्या दिवशी एकोणचाळीस मिनिटं लागली, शेवटच्या दिवशी तेरा. फरशीत खुंट्या ठोकता येत नसल्यामुळे दोऱ्या टेबलाला, टीव्हीला आणि एकदा बायकोच्या खुर्चीला बांधल्या गेल्या.

“अहो, मी उठायचं कसं?”

“सात मिनिटं थांब. उतरवायचीही वेळ मोजायचीय.”

शुक्रवारी त्याने तिच्यापुढे बेताची अंतिम प्रत ठेवली. तंबू उभारणे, सरपण गोळा करणे, स्टोव्ह चालतो का ते पाहणे, स्टोव्ह चालला नाही तर सरपण वापरणे. प्रत्येक कामापुढे दहा मिनिटं राखीव. तिने चष्मा लावून सगळं वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ‘३.४० ते ३.५५ : पाणी पाहणे (दोघांनी).’

“पंधराच मिनिटं?”

“कमी आहेत का?”

“मला खाली बसायला पाच लागतात, उठायला दहा. मग बसायचं कधी?”

त्याने बेरीज पुन्हा करून पाहिली. हिशोब बरोबर होता. एवढ्या वर्षांत त्याच्या कागदावर अशी चूक कुणी काढली नव्हती, आणि काढली ती शिवणकाम करणाऱ्या बाईने. तो हिरमुसला, पण तिच्यासाठी वेळ काढायचाच असं त्याने मनाशी ठरवलं. कशाचीही राखीव मिनिटं कापायला हात धजेना. मग त्याने साध्या गाडीऐवजी जलद गाडी धरली. प्रवासातलीच चाळीस मिनिटं वाचली. ती गाडी त्यानेच जलद केली होती.

शनिवारी कंडक्टरने त्याचा पास पाहून सलाम ठोकला. कुठे उतरणार ते विचारलं नाही. साहेबांना कोण विचारणार? गाडी भरधाव निघाली, दोन्ही बाजूंना झाडं दाटत गेली, आणि खोडांच्या मधून पाणी चमकू लागलं.

“आलं वाटतं,” बायको म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेतली.

गाडीचा वेग काही कमी होईना. तो उठून दांडीला धरत धरत ड्रायव्हरपाशी गेला.

“तळ्याच्या फाट्याला उतरायचंय.”

“फाटा?” ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. “तो तर तुम्हीच खोडला, साहेब. थांबा क्रमांक चौदा. लोकांनी तीन अर्ज केले होते.”

कागदावर तो नुसता चौदा होता. त्याच्यामागे तळं असल्याचं कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नव्हतं.

“प्रवासीसंख्या अपुरी होती,” सवयीने त्याच्या तोंडून गेलं.

“हो ना. आज दोघं आहेत.”

“पुढचा थांबा?”

“एकतीस किलोमीटरवर. परतीची गाडी संध्याकाळची. ती पण जलदच.” ड्रायव्हरला हसू दाबता येत नव्हतं. “मध्येच थांबवली तर मला लेखी खुलासा द्यावा लागतो. कुणाला, ते तुम्हाला ठाऊकच आहे.”

त्याने मागे वळून पाहिलं. बायको खिडकीकडे तोंड करून बसली होती. पाणी मागे मागे जात होतं, तशी तिची मानही हळूहळू मागे वळत होती. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

“थांबा,” तो म्हणाला.

“थांबा नाही इथे, साहेब.”

“ठाऊक आहे थांबा नाही! तुम्ही थांबा!”

“आधी ठरवा हो, थांबा आहे का नाही!” मागून कुणीतरी ओरडलं, आणि सगळी गाडी हसली. ड्रायव्हरने पाय ब्रेकवर ठेवला.

“खुलासा माझ्या नावावर घाला,” तंबू खांद्यावर चढवत तो म्हणाला.

“घालतोच. वहिनी, सावकाश उतरा. घाई नाही.”

बायकोने खरोखरच घाई केली नाही. गाडी सहा मिनिटं उभी राहिली. तो रस्त्याच्या कडेला उभा राहून ती मोजत होता, आणि एकदाही ‘चल’ म्हणाला नाही.

काठाशी माती ओलसर होती. तिने त्याच्या दंडाला धरलं, मग एका मुळाला, आणि कण्हत, स्वतःलाच हसत ती खाली टेकली. साडी गुडघ्यापर्यंत ओढून तिने पाय पाण्यात सोडले. पाणी गार असावं. तिने श्वास आत ओढला.

तो तंबूची पिशवी धरून उभाच होता. बेताप्रमाणे खुंट्या ठोकायची वेळ झाली होती. जमीनही खुंट्या ठोकण्याजोगी होती, घरातल्या फरशीसारखी नव्हे. त्याने पिशवी खाली ठेवली. बूट काढले, मोजे घडी करून त्यांत खुपसले, पँट दुमडली, एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं.

“जरा सरक की,” तो म्हणाला. “सगळी बरी जागा तूच अडवलीस.”