तेरवीचा लाडू

आज मोठ्या भावाची तेरवी झाली. तोंडाच्या कॅन्सरने गेला तो.

पंगतीत शेजारी चुलतभाऊ सुधाकर बसला होता. लाडू चुरून चिमटीने तोंडात टाकत होता, कारण तोंड पुरतं उघडतच नव्हतं. भावाचंही असंच सुरू झालं होतं. आम्ही दाढ दुखते म्हणत राहिलो.

मी हळूच म्हटलं, "उद्या जाऊ. आता तालुक्याच्या दवाखान्यातच तोंड तपासतात. लवकर कळलं तर इलाज आहे."

"तेरवीच्या पंगतीत असं अभद्र काऊन बोलून राह्यला बे?" तो हसला. हात धुऊन त्याने तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला, पहिली चिमूट मलाच दिली.

मी घेतली नाही. पण त्याचा हातही धरू शकलो नाही.

तुम्ही आपल्या माणसाला तपासणीला कसं नेलं? मला दुसऱ्यांदाही जमत नाहीये.