रेशमाचा आवाज

ती पडदे शिवायची. पुढच्या खोलीत खिडकीलगत तिचं मशीन, मशीनशेजारी कापडाचे गठ्ठे आणि गठ्ठ्यांपलीकडे आरामखुर्चीत तिचे सासरे, नाना. वीस वर्षं ही बैठक हलली नव्हती. नाना पूर्वी छापखान्यात मुद्रितं तपासायचे. डोळ्यांत तेल घालून दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात त्यांचा जन्म गेला, आणि निवृत्त झाल्यावर ते फक्त रहस्यकथा वाचत बसले. सून-सासऱ्यांत भांडण कधी नव्हतं, पण जेवलात का, गोळी घेतली का, यापुढे बोलणंही जात नसे.

मग नानांच्या नजरेच्या मधोमध एक काळा ठिपका येऊन बसला. कडेचं दिसे, पण जे वाचायला जावं नेमकं तेच पुसलं जाई. डॉक्टरांनी हात टेकले. पुस्तकांच्या कपाटाकडे पाठ करून बसलेले नाना तिला बघवेनात. तिची मुलगी बाहेरगावी शिकत होती. ती सुट्टीला आली तेव्हा तिनं आजोबांच्या फोनवर रहस्यकथांची श्राव्यनाट्यं घालून दिली. नानांनी आधी नाक मुरडलं. रंगवलेल्या आवाजात कुणीतरी गोष्ट सांगायची आणि आपण ऐकायची, हे लहान मुलांचं काम, असं त्यांचं म्हणणं. तरी पहिल्याच दुपारी त्यांनी तक्रार केली की मशीनच्या खडखडाटात पुरावे ऐकू येत नाहीत.

तिनं अर्ध्या तासापुरतं मशीन थांबवलं आणि हातशिलाईची दुमड घेऊन बसली.

फोनमधून पाऊस सुरू झाला. बाहेर लख्ख ऊन होतं, तरी तिनं वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाहिलं. एक फाटक करकरलं. कुणीतरी खडीवरून चालत आलं, पायऱ्या चढलं, आणि त्या माणसाचा एक पाय दुखतोय हे कुणी न सांगता तिला कळलं. डोंगरावरचं एक घर तिच्या समोर उभं राहिलं, उंच छताचं, थंड फरशीचं. त्या घराच्या खिडक्यांना किती मीटर कापड लागेल तेही तिनं मनात मोजलं. अर्धा तास संपला. दुमड होती तिथंच होती.

तेव्हापासून रोज दुपारी दोघं कान देऊन बसू लागली. खुनी कोण यावर पैजा लागल्या. नाना वकिलावर संशय घेत, ती नेहमी डॉक्टरवर. हरणाऱ्यानं चहा करायचा. आयुष्यात गॅसजवळ न गेलेले नाना चाचपडत चहा करायला शिकले, कारण ती फार वेळा जिंकायची.

त्याच वर्षी तिला एका ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओतून बोलावणं आलं. भिंतींना जाड पडदे हवे होते. ती टेप घेऊन मापं काढायला गेली आणि दारातच थबकली. खोलीच्या मधोमध एक दार उभं होतं. नुसतं दार, चौकटीसकट, अलीकडे-पलीकडे काहीच नाही. शेजारी लाकडी खोक्यात खडी, दुसऱ्यात वाळू. एक किडकिडीत म्हातारा पायांत दोन वेगवेगळे बूट घालून खडीवर जागच्या जागी चालत होता. बाकीचे त्याला नुसतं ‘आवाजवाले’ म्हणत. माइकपुढे विशीतली एक मुलगी थरथरत्या म्हातारीच्या आवाजात बोलत होती. ती म्हातारी आपल्या दुपारच्या नाटकांतली, ओळखीची आहे, हे तिला पहिल्याच वाक्याला समजलं. सगळी युक्ती डोळ्यांसमोर उघडी पडली होती, तरी त्या मुलीनं तोंड उघडलं की म्हातारीच दिसे.

त्या दिवशी नव्या नाटकाचं काम चाललं होतं. प्रसंग असा की शेजारच्या खोलीत नर्स जखमी माणसाला पट्टी बांधायला चादर फाडतेय, असं सगळ्यांना वाटतं. खरं तर ती त्याच्या कोटाचं रेशमी अस्तर फाडून आत दडवलेलं पत्र काढत असते, आणि गुप्तहेर नुसत्या आवाजावरून ते ओळखतो. आवाजवाल्यांनी जुनी चादर घेतली आणि टरकन फाडली. दिग्दर्शक बाई ठीक म्हणाल्या.

तिला राहवलं नाही. भिंतीपाशी टेप धरून उभी असतानाच ती म्हणाली, “हे सुती आहे.”

सगळे वळले. तिचे कान तापले. दिग्दर्शक बाई म्हणाल्या की ऐकणाऱ्याला एवढं कुठलं कळतंय. आवाजवाले मात्र तिच्यापाशी आले आणि तिच्याकडे रेशीम आहे का, असं त्यांनी हळूच विचारलं. पिशवीत नमुन्याचे तुकडे होते. तिनं कातरीनं कडेला छोटासा छेद दिला, माइकपाशी तुकडा धरला आणि ओढला. मग त्यांनी तिच्या कानांवर हेडफोन ठेवून मुद्रित झालेला आवाज लावला.

बारीक, लांब, शिट्टीसारखा आवाज. कुणीतरी दातांवर दात दाबून श्वास ओढावा तसा. रोज हाताखालून जाणाऱ्या कापडात एवढी भीती दडलेली असेल, हे तिला कधी ठाऊक नव्हतं. तिनं तो तीनदा ऐकला.

पुढचं मुद्रण व्हायच्या आत ती मापं घेऊन निघाली. घरी चकार शब्द काढला नाही.

दोन महिन्यांनी ते नाटक आलं. तिनं मशीन बंद केलं. नर्स म्हणाली, चादर फाडते. मग तो आवाज आला. गुप्तहेर तोंड उघडणार, तोच नानांनी बोट वर करून नाटक थांबवायला लावलं.

“चादर अशी फाटत नाही,” ते म्हणाले. “हे रेशीम आहे. ती बया कोटाचं अस्तर फाडतेय.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“वीस वर्षं तुझ्या शेजारी बसलोय, सूनबाई. पुस्तकात डोकं होतं, कान मोकळेच होते.”

तिच्याकडून दोरा सुटला. तिनं नानांना सगळं सांगितलं: उभं दार, खडी, दोन वेगळे बूट, आणि तो तुकडा कुणाच्या हातात होता ते. नानांनी फोन चाचपून तिच्या हातात दिला.

“परत लाव,” ते म्हणाले. “तेवढंच.”

तिनं लावलं. नाना डोळे मिटून, मान किंचित कलती करून ऐकत होते. पूर्वी मुद्रितावर वाकायचे तसे. सहा वेळा ऐकून झाल्यावर त्यांनी पुढं जायची खूण केली. खुनी कोण, ते अजून दोघांनाही माहीत नव्हतं.