एकशेबारा रकाने आणि यामिनीताई

यामिनीताई आमच्या ऑफिसात आल्या तेव्हा मी त्यांना खिजगणतीतही धरलं नव्हतं. जपानमधल्या त्सुकुबाच्या त्या संशोधन संस्थेत मराठी आम्ही दोघंच. मी पुण्याचा सॉफ्टवेअर इंजिनिअर, स्वतःच्या हुशारीवर भलताच खूश. त्या आठवड्यातून तीन दिवस आरुबाइतोवर, म्हणजे पार्टटाइम. त्याआधी अठरा वर्षं त्या ठाण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीत बसल्या होत्या.

आमचं काम होतं एका नदीचं. ती दोन देशांतून वाहते. नावं सांगायची मला परवानगी नाही. वरच्या देशाकडे धरण, खालच्या देशाकडे गावं. नदीची कोणती माहिती एकमेकांना द्यायची, याची यादी आम्ही करून द्यायची होती. मार्चअखेरपर्यंत यादीवर सह्या झाल्या नाहीत तर प्रकल्प बंद, आणि खालच्या गावांना पुराची खबर पूर्वीसारखीच पाण्याबरोबर मिळणार.

मी फॉर्म बनवला. एकशेबारा रकाने! पातळी, वेग, गाळ, तापमान, काय वाट्टेल ते. वरचा देश म्हणाला, एवढं देणार नाही. खालचा म्हणाला, एवढं तर हवंच. दोन वर्षं हेच गुऱ्हाळ चालू होतं.

रिकाम्या रकान्यांसाठी फोन करायचं काम यामिनीताईंचं. खालच्या देशातल्या, होड्या एकमेकींना बांधून केलेल्या एका पुलाचा राखणदार सदतिसावा रकाना कधीच भरायचा नाही. त्याची मुलगी मधे बसून इंग्रजी करून सांगायची. एक दिवस ताईंनी रकाना सोडला आणि भलतंच विचारलं. पाणी वाढलं की तुम्ही काय करता?

तो म्हणाला, पूल सोडवून काठाला ओढतो. सहा माणसं आणि चार तास लागतात. धरणाचे दरवाजे कधी उघडणार तेवढं चार तास आधी सांगा, पाणी किती आहे ते मला दिसतंच. गेल्या वर्षी कुणी सांगितलं नाही. पूल वाहून गेला आणि अकरा दिवस पलीकडचं कुणी दवाखान्यात जाऊ शकलं नाही.

ताई माझ्या टेबलाशी आल्या. "पुष्कर, हे तुझ्या फॉर्ममध्ये कुठे लिहू?"

"ताई, सगळं आहे हो त्यात."

"सगळं आहे रे. पण कुणाला कशासाठी हवंय, ते कुठंय? खिडकीवर लोक एक्स-रेची खोली विचारायचे. त्यांना जाणून घ्यायचं असायचं, आज घरी सोडणार का."

मला राग आला. अठरा वर्षं खिडकीत बसलेल्या बाईने मला डेटा शिकवावा! दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोललो नाही. रकाना मात्र खरंच नव्हता.

फेब्रुवारीत दोन्ही देशांची माणसं त्सुकुबाला आली. पहिली सकाळ भांडणात गेली. जेवणानंतर ताई आमच्या साहेबांकडे, मुराता-सानांकडे, कागद अडकवलेली एक पाटी घेऊन गेल्या. ताई राहतात त्या गल्लीत शेजाऱ्यांच्या सूचना अशाच घरोघर फिरतात. त्या पाटीला काइरानबान म्हणतात. वाचायचं, शिक्का मारायचा, पुढच्या दारात ठेवायचं. त्यात कुणी कुणाशी वाद घालत नाही. पार्टटाइम बाईचं ऐकायचं का, असं मुराता-सानांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. मग ते म्हणाले, "दोओझो." करा.

कागदावर तीनच प्रश्न होते. तुम्हाला कोणता निर्णय घ्यावा लागतो? तो कोण घेतं? त्यासाठी काय, किती वेळ आधी कळायला हवं? पहिली ओळ ताईंनी पूलवाल्याची लिहिली होती.

पाटी वरच्या देशाच्या धरण-अभियंत्याकडे गेली. तो ती ओळ वाचत बसला, बराच वेळ. मग त्याने लिहिलं, दरवाजे उघडायचा निर्णय माझा असतो. मला सहा तास आधी माहीत असतं.

खालच्या देशाच्या बाईंनी ते वाचलं आणि पहिल्यांदाच थेट त्याच्याकडे बघून विचारलं, "मग सांगत का नव्हता?"

"त्या फॉर्ममध्ये विचारलंच नव्हतं," तो म्हणाला. माझे कान तापले.

पाटी परत आली तेव्हा तिच्यावर नऊ ओळी होत्या. एकशेबारातून नऊ! दुसऱ्या दिवशी दोन्ही देशांनी सह्या केल्या. सही करून धरण-अभियंता ताईंपुढे जपानी पद्धतीने वाकला, आणि ताई गडबडून नमस्कार करून बसल्या.

जुलैत एका सकाळी सव्वादहाला धरणावरून पहिला संदेश सुटला. दरवाजे सव्वाचारला उघडणार. आम्ही दिवसभर स्क्रीनसमोर, माझा डबा तसाच. तीन वाजता पूलवाल्याच्या मुलीने फोटो पाठवला. सगळ्या होड्या काठावर उलट्या घातलेल्या, त्यांच्यावर सहा जण चहा पीत बसलेले आणि मागे मोकळी नदी. खाली लिहिलं होतं, आता येऊ दे पाणी.

मी उठून जोरात टाळ्या वाजवल्या. आमच्या ऑफिसात कुणी मोठ्याने शिंकतही नाही. सगळ्या माना वळल्या, आणि मग मुराता-सानही उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

ताईंना मात्र वेळ नव्हता. त्या फोनवर पूलवाल्याला विचारत होत्या, पाणी उतरल्यावर पूल परत बांधायचा, तर त्यासाठी तुम्हाला काय कळायला हवं? मी मुकाट्याने वही उघडली आणि दहावी ओळ लिहून घेतली.