शेवंती सोसायची गोळी

माझं सासर राहू गावचं. सासरी शेवंतीचं रान होतं. लग्नानंतर काही वर्षं मीही बायकांबरोबर फुलं तोडायचे. मग एका हंगामात पापण्या सुजल्या, मान आणि कोपरांची आतली बाजू लाल झाली, कातडी जाड होऊन फुटायला लागली. भाकरी थापताना मी परातीच्या काठावर मनगट घासायचे.

सासूबाई म्हणाल्या, "तुझं ताट येगळं ठिवत जा. ल्हान पोरं हायेत घरात."

नवरा शेजारीच जेवत होता. त्यानं आणखी एक भाकरी मागून घेतली.

यवतच्या डॉक्टरांची सुई घेतली की थोडे दिवस बरं वाटायचं, मग दुप्पट पेटायचं. शेवटी नवऱ्यानं मला शिरूरला माहेरी आणून सोडलं. "बरी झाली की कळव," एवढंच म्हणाला.

वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, मला पुण्यात कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. कशाची ॲलर्जी आहे ते बघायला त्यांनी पाठीवर वेगवेगळ्या झाडांचे अर्क लावलेल्या पट्ट्या चिकटवल्या. पट्ट्या काढल्यावर शेवंती आणि गाजरगवताच्या जागी लाल चट्टे उठले होते.

"हिचं कुणाला लागंल का?" आप्पांनी विचारलं.

"अजिबात नाही. ही ॲलर्जी आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या झाडांची धूळ ओळखून बसल्यात. धूळ लागली की त्या भराभर वाढतात, कातडीत जमतात आणि दाह करतात. ही गोळी त्यांना वाढू देत नाही. पण जंतूंशी लढणाऱ्या पेशीही ह्याच, म्हणून रक्त तपासत राहायचं. शेवंतीपासून लांब राहिलात, तर गोळी कमी करता येईल."

पहिला महिना काही फरक पडला नाही. मग हळूहळू खाज थांबली. एके दिवशी आरशात माझे डोळे पूर्वीसारखे दिसले आणि मी रडले.

नवरा न्यायला आला. मी म्हटलं, "शेवंतीच्या जागी दुसरं काही लावा. बांधावरचं गाजरगवत तेवढं काढा."

"गोळीनं गुण आलाय न्हवं? मग रान कशापायी बदलायचं?"

मी गेले. रानात पुन्हा तीच फुलं, तीच धूळ. पण गोळीमुळे माझी कातडी गप्प राहिली, त्यामुळे कुणालाच काही बदलावं लागलं नाही. ताटही सगळ्यांच्यात परत आलं. मला सगळ्यात जास्त चीड त्याचीच आली.

मग कमरेवर नागीण उठली. गोळीनं प्रतिकारशक्ती कमी झाली होती. डॉक्टरीणबाईंनी नागीण बरी होईपर्यंत गोळी थांबवली, आणि पापण्या पुन्हा सुजल्या. सासूबाईंनी माझं ताट पुन्हा बाजूला केलं. त्या वेळी मला कुणी माहेरी सोडलं नाही. मी स्वतः पिशवी भरली आणि एसटीनं शिरूरला आले.

आता मी इथं झेरॉक्सच्या दुकानात काम करते. नागीण गेल्यावर गोळी परत सुरू झाली, पण निम्मीच. गाजरगवत इथंही मोकळ्या प्लॉटांत माजलंय, तरी तोंड झाकून वावरलं की सोसतं.

मागच्या आठवड्यात नवऱ्याचा फोन आला. "डॉक्टरणीला म्हणावं, गोळी वाढवून दे. हितं तोडणीला माणूस मिळंना."

तब्येत कशी आहे, हे त्यानं विचारलं नाही. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. मी फोन ठेवला.